दसऱ्याला बदललेलं पदक

३ ऑक्टोबर, शुक्रवार
पदक बदललंय. दोन वैरी देशांची यानं अवकाशात जोडली गेली, त्या उड्डाणाचं. माझं ब्राँझचं, जुनं, काळपट तपकिरी. पेटीत आता आहे ते पिवळंधमक. नक्षीही बोथट. काल आप्पा सोनं द्यायला आलेले. आत न बघताच पेटी त्यांच्यापुढं उघडी टाकून मी फाटकावर शेजाऱ्यांशी बोलत बसलो. दुसरं कोण?

४ ऑक्टो.
आप्पा गारगोटीचे, निवृत्त ड्रॉइंग मास्तर. अंतराळवीरांची पदकं जमवायचा नाद आम्हा दोघांना एकदमच लागला. हे एकच त्यांना मिळालेलं नाही. परवा निघताना गप्प होते, चहा अर्धा टाकला. चोराच्या मनात चांदणं.
भिंगातून पाहिलं. यानाच्या खाचेत तांबूस कण. ओतकामातला कचरा. साचा दिला की इथं काय ओतून मिळत नाही?
सुनंदाला विचारायचा प्रश्नच नाही. बायको माझ्या पेटीला हात लावत नाही.

५ ऑक्टो., रवि.
पदकवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं: 'दसऱ्याला घरी आलेल्या माणसानं पदक बदललं. सावध राहा.' नाव घातलं नाही. कळायचं त्यांना कळलं.
आप्पांचा फोन. "तात्या, मी व्हय?"
मी म्हणालो, "मी नाव घेतलंय का?"
त्यांनी फोन ठेवला. मग ग्रुपही सोडला. निर्दोष माणूस भांडला असता.

७ ऑक्टो.
पदक घेऊन गुजरीत सोनाराकडं निघालो होतो. सुनंदानं हातात पाहिलं. "आत्ता दिसलं व्हय? कवाधरनं वाट बघालोय, कायतरी बोलशीला म्हणून."
खंडेनवमीला मी मलकापूरला बहिणीकडं. हिनं विळी, स्कूटर आणि हे पदक पूजलं. त्याआधी चिंच आणि रांगोळीनं घासलं. "तुमचं हत्यार त्येच की. काळं पडल्यालं पुजायचं कसं?"
खाचेतलं तांबूस म्हणजे कुंकू.
एवढ्या वर्षांचा रंग चिंचेत गेला, आणि मला आठवला तो आप्पांचा फोनवरचा आवाज. लाज वाटली. हिच्यावर ओरडायचंही राहून गेलं.

९ ऑक्टो.
गारगोटीला गेलो. आप्पा दारातच.
"कुंकू दिसल्यालं मला. वैनींनी हौसेनं केल्यालं. सणाचं काय बोलायचं, म्हणून गप बसलो."
माफी मागितली.
"आळ सगळ्यांम्होरं, आन माफी उंबऱ्यावर व्हय, तात्या?"
आत या म्हणाले नाहीत. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

१० ऑक्टो.
ग्रुपवर खरं लिहायचं तर सुनंदाचं हसं होणार. दोनदा लिहिलं, पुसलं. तीच म्हणाली, "लिवा की माझं नाव. मी काय चोरी केलीया?"
लिहिलं. आप्पांचं नाव घेऊन, चूक माझी म्हणून. खाली अंगठे, नमस्कार. कोण मनात हसतंय ते कळत नाही. आप्पा ग्रुपवर नाहीत, त्यांना वेगळं पाठवलं. दिवाळीला फराळाला या, तेही.

१४ ऑक्टो.
आप्पांनी वाचलंय, निळ्या खुणा दिसतात. उत्तर नाही. दार वाजलं की मीच आधी उठतो. दूधवाला असतो, नाहीतर कुरिअरवाला.
सुनंदा म्हणते, "येतील की."
तिला खरंच तसं वाटतं, की माझी समजूत काढते? तोंडाकडं निरखून पाहिलं. कळेना.