नृसिंहाला बाजूचं दिसत नाही

...आणि म्हणूनच म्हणत होतो ताई, की चूक माझी नव्हती, मुखवट्याची होती. तेवढ्यात तुझी बैलगाडी सुटली आणि निम्मं बोलणं माझ्याकडेच राहिलं, ते आता पोस्टाने पाठवतो. ती. अनुसूयाताईस विसूचा शिरसाष्टांग नमस्कार (उशिरा घातला, पण घातला). भावोजींचा खोकला कसा आहे? हरिहरेश्वराला वारा फार, त्यांना ओटीवर निजू देऊ नकोस. इकडे आई बरी, आंबा यंदा बेताचा, आणि मी बरा नाही. का, ते पुढे येईल.

उत्सवात नृसिंहाचं सोंग मीच घेणार असा हट्ट का धरलास, हे तू विचारलंस. मी म्हटलं, देवाची सेवा. ते खोटं. खरं असं की पोस्टमास्तरांची कराचीला बदली झाली आणि त्यांच्याबरोबर नलूही निघाली. (नलू म्हणजे त्यांची मुलगी. तू माहेरी आलीस की विणकाम शिकायला यायची ती.) "आईला सांगून तुझ्या घरी मागणी घालू का?" असं मी तिला विहिरीवर विचारलं. इंग्रजीतून विचारायचं पाठ केलं होतं, तोंडातून मराठीत आलं, तेही अर्धंमुर्धं. ती हसली नाही आणि रागावलीही नाही. म्हणाली, "विचार करते. उत्सवाला माझ्या केसात सोनचाफा असला तर हो समज. नसला तर तू काही विचारलंच नव्हतंस." उत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांची बोट. आता बायका बसणार देवळात डाव्या अंगाला, अख्ख्या गावादेखत मी तिकडे टक लावणार कसा? मग सुचलं, मुखवट्याच्या आतून कोण कुठे बघतोय हे कुणाला कळतंय!

ताई, तू तो लाकडी मुखवटा बाहेरून पाहिलायस. सिंहाचे डोळे पेरूएवढे, पण ते रंगवलेले. आपण बघायचं ते नाकपुड्यांच्या भोकांतून. आदल्या दिवशी मी माजघरात प्रयोग केला. मुखवटा चढवला, दोन्ही हात बाजूंना पसरले आणि बोटं हलवली. काही नाही. हात पुढे पुढे आणत गेलो, तरी काही नाही. टाळी वाजायची वेळ आली तेव्हा कुठे माझीच बोटं मला भेटली. आमचे सायन्सचे मास्तर सांगायचे, माणूस समोर बघत असला तरी त्याला कानापर्यंतचं दिसत असतं, म्हणून तो धडपडत नाही. मुखवटा समोरचं तेवढं ठेवतो आणि आजूबाजूचं, पायाखालचं सगळं काढून घेतो. हे कळल्यावर शहाण्या माणसाने सोंग सोडलं असतं. मी म्हटलं, मान वळवू!

नृसिंहाच्या कमरेला शेला बांधतात आणि दोघं मागून धरतात, अंगात आलं की आवरायला. मी इंग्रजी शाळेत शिकलेला, म्हटलं मला कुणी धरायचं नाही. (आवरायला कसला, तो वाट दाखवायला होता!) पुढचं तू पाहिलंस. कागदी खांब मी मागच्या बाजूने फोडला, आरतीचं ताट तुडवलं आणि हिरण्यकशिपू म्हणून मांडीवर ओढला तो कोंडाजी पखवाजवाला. तो ओरडतोय, "अवो मी न्हाय, मी न्हाय! राक्षस तिकडं हाय!" आणि मी त्याचं पोट फाडतोय. राक्षस झालेला सदू शेजारी मरायला तयार होऊन आडवा पडलेला. लोकांना वाटलं, आज देव खराच आला. सगळ्यांनी हात जोडले.

हीच वेळ, म्हणून मी डावीकडे वळलो. नुसते डोळे वळवून भागत नाही, अख्खा सिंह वळवावा लागतो. जबडा वासलेला नृसिंह आपल्याकडे वळला म्हटल्यावर बायकांनी पदर पुढे ओढले आणि जमिनीला डोकी टेकली! मला दिसल्या नुसत्या पाठी. नलू परकरातली, तिला कुठला पदर, म्हणून शोधत राहिलो. हिरवा परकर सापडला, पण शेजारणीने घाबरून आपला जांभळा पदर तिच्या डोक्यावर घातलेला. मी थांबलो. देव हटल्याशिवाय बायका उठेनात आणि बायका उठल्याशिवाय देव हटेना. शेवटी पुजाऱ्यांनी मला खांद्याला धरून गाभाऱ्याकडे फिरवलं.

पहाटे बंदरावर गेलो. आता मुखवटा नव्हता. माड, होड्या, जाळी पसरणाऱ्या कोळणी, दोन्ही अंगांना सगळं सगळं दिसत होतं. समोरची बोट तेवढी लहान होत गेली.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार सांग. भावोजींना हे पत्र दाखवू नकोस.

तुझा विसू

ता. क. हे पत्र फक्त मुखवट्याच्या शास्त्रीय दोषाविषयी आहे. भोकं कानाकडे वाढवावीत असा अर्ज पंचांना देणार आहे. भावोजींची सही लागेल.

ता. क. दुसरा. अर्ज राहू दे. तू इथे विसरलेलं लुगडं आई आत्ता घडी करतेय. ते जांभळं आहे! ताई, म्हणजे तो पदर तुझा. मी धावत जाऊन नाकाशी धरला, पण आईने तो धुतलाय, रिठ्याशिवाय कसला वास नाही. तू तर तिच्या डोक्याशी डोकं लावून वाकली होतीस. आठव गं. सोनचाफा काही लपून राहत नाही. कराचीचा पत्ता घालून पाकीट तयार आहे, आतला कागद कोरा. आला होता का वास? आणि नसेल आला, तरी त्या कागदावर काहीतरी लिहावं का, तुला काय वाटतं?