लाल मंजनाचा डबा

सोमवार, ४ फेब्रुवारी

मंजनाचा डबा नाही! मोरीतल्या फळीवर असतो, तिथे नाही. बादली हलवून पाहिली, साबणामागे पाहिलं. काल सकाळी मीच झाकण लावून ठेवला होता.

यांना विचारलं. आपल्या घड्याळाच्या दुकानाकडे निघाले होते, पायात चप्पल. म्हणाले, मला काय विचारतेस, माझे दात तर वाटीत असतात. कवळी आहे यांची, वरची-खालची दोन्ही, बारा वर्षं झाली. स्वतःच्याच विनोदावर स्वतःच हसले आणि गेले.

लेक महिनाभर राहायला आली आहे. पाचवा महिना तिला, आणि जावई कामानिमित्त बाहेर. तिनं तिची पांढरी पेस्ट पुढे केली. लावली, दुसरं काय करणार.

चूळ टाकली तर गुलाबी!

कालचं सफरचंदही वाया गेलं. मी नेहमी एक घास घेऊन गोड आहे का बघते, मग यांना किसून देते. काल घास घेतला, बशीत ठेवलं, किसणी शोधते तोवर हे म्हणाले, आज नको. सकाळी पाहिलं तर काळं पडलेलं. चांगलं अख्खं फळ.

मंगळवार, ५ फेब्रुवारी

पुन्हा गुलाबी. दोष पेस्टचा. अठ्ठावीस वर्षं मंजन लावलं, एक दिवस रक्त नाही. दोन दिवस पेस्ट लावली, दोन्ही दिवस रक्त. मॅट्रिकला गणितात मी कुणाला हार गेले नव्हते — एवढा हिशेब तर येतो.

लेकीला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मलापण येतं की. महिना झाला."

म्हणजे पेस्टच. पण ती तीच पेस्ट दहा वर्षं लावते, मग रक्त महिन्याभरापासूनच का? इथे हिशेब अडला. ताळा जुळत नाही.

गुरुवार, ७ फेब्रुवारी

नवं मंजन कुटलं. वडिलांच्या वहीतलं — गेरू, मीठ, लवंग, भाजलेली तुरटी. लग्न झालं तेव्हा वडिलांनी ती वही मला दिली. दागिना फारसा देता आला नाही, वही दिली. या घरात आले तेव्हा हे बोटानं नुसतं मीठ चोळायचे. मीच यांना मंजन लावायला शिकवलं.

खलबत्त्याचा आवाज ऐकून हे दारात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, काय बघता? "काही नाही. वास छान येतो," म्हणाले.

लगेच घासून पाहिलं. रक्त बंद! चूळ नेहमीसारखी लाल, गुलाबीचा पत्ता नाही. देवाची कृपा, आणि वडिलांची.

लेकीला ताकीद दिली — पेस्ट बंद, मंजन सुरू. आणि जिथं हुळहुळतं तिथं ब्रश नेऊच नको. जखमेवर कुणी घासतं का?

रविवार, १० फेब्रुवारी

संध्याकाळी देवापुढे दिवा लावून अध्याय वाचत होते. मधेच जीभ खालच्या पुढच्या दाताला लागली आणि दात हलला. लहानपणी हलायचा तसा. वाचता वाचता थांबले. हे समोर बसतात ऐकायला, त्यांनी मान वर केली. मी म्हटलं, ओळ चुकली.

ओळ चुकली नव्हती. देवापुढे खोटं बोलले. क्षमा कर.

कवळी आली तेव्हापासून यांच्या ‘स’ला शिटी वाजते. पहिल्याच संध्याकाळी लेक खुदकन हसली होती — लहान होती, तिचं काय चुकलं. पण यांनी पोथी मिटून माझ्या हातात दिली ती कायमची. तेव्हापासून दोघांच्या वाटचं मी वाचते. माझेही दात गेले तर देवापुढे मोठ्यानं वाचायचं कुणी? दुसरं काही मागितलं नाही मी त्याच्याकडे. एवढा आवाज राहू दे.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

दुसरा डबाही गेला!! काठोकाठ भरलेला. घरात आम्ही तिघं. चोर येऊन पितळेची समई सोडून मंजन नेईल का? मला भ्रम होतोय की काय? कपाटं, पिंपामागे, गादीखाली — सगळं उलथं केलं.

निमूटपणे पेस्ट. गुलाबी. उलट जास्तच.

लेकीनं मंजन चार दिवस लावलं तेवढ्यात डबा गेला. तिला विचारलं, थांबलं होतं ना रक्त? म्हणे, "आई, कळतच नाही गं. सगळं लालच दिसतं." मी म्हटलं, दिसत नाही म्हणजे येत नाही. हे चहा पीत होते, त्यांना ठसका लागला. पाठ चोळून दिली.

तोंडात रक्ताची चव असताना देवाचं नाव घ्यावं का? कुणाला विचारू? आज मनातच घेतलं. दिवा लावला आणि ओठ मिटून बसले. हे बराच वेळ वाट बघत बसून होते.

सोमवार, १८ फेब्रुवारी

लेक तपासणीला गेली होती. तिथल्या बाईंनी सांगितलं, हिरड्या सुजल्यात, दातांच्या डॉक्टरला दाखवून घ्या. मला वाटलं, हे एक नवीनच. पोटात बाळ आणि दाखवायचे दात?

हे म्हणाले, तूही जा तिच्याबरोबर. मी म्हटलं, ती काय रस्ता चुकणार आहे? तर जरा जोरातच म्हणाले, "जा म्हटलं ना." असं कधी बोलत नाहीत.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथं लिहिते.

दातांची डॉक्टर लेकीच्याच वयाची. आधी लेकीला खुर्चीत घेतलं. एक बारीक सळई, तिच्यावर रेघा. ती दाताच्या कडेला हलकेच खाली सोडायची आणि आकडा सांगायची, मदतनीस मुलगी कागदावर लिहून घ्यायची. तीन, दोन, तीन, तीन. फार तर चार. मग म्हणाली, काकू, तुम्हीपण बसा, पाच मिनिटांचं काम. नको नको म्हणत बसले.

चार. पाच. पाच. सहा. खालच्या पुढच्या दाताशी आली आणि म्हणाली, सात.

मॅट्रिकनंतर माझे मार्क असे कुणी मोठ्यानं वाचले नव्हते. लेकीपेक्षा दुप्पट! जरा तोंड मोकळं झाल्यावर मी लेकीला म्हटलं, "बघ, हे मंजनाचे दात." मदतनीस मुलगी कागदात तोंड घालून बसली. लेक छताकडे बघायला लागली.

डॉक्टरनं तोंडावरचं फडकं खाली केलं. हसली नाही, हे तिचे उपकार. आरशात दाखवून म्हणाली, दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक छोटीशी फट असते, सदऱ्याच्या खिशासारखी. ती किती खोल गेली ते सळईनं मोजायचं, मिलिमीटरमध्ये. तीनपर्यंत ठीक. त्यापुढे खोल म्हणजे हिरडी दात सोडायला लागली. सात म्हणजे आतलं हाडही झिजलंय, म्हणून दात हलतो.

म्हणजे मी नापास. आणि मिरवत होते.

मग विचारलं, रक्त कधीपासून येतं? म्हटलं, दोन आठवडे, त्या पेस्टनं. त्याआधी अठ्ठावीस वर्षं थेंब नाही. ती म्हणाली, दोन आठवड्यांत सात होत नाही काकू, याला वर्षं लागतात. काय लावत होता?

मंजन.

कुठल्या रंगाचं?

मी लाल म्हणाले आणि तिथंच थांबले. ती हळूच म्हणाली, "लालात लाल कसं दिसणार, काकू?"

घरी येईपर्यंत लेकीनं माझा हात धरला होता. लहान असताना मी तिचा धरायचे तसा.

बुधवार, २० फेब्रुवारी

डोक्यात नुसता गुंता. डॉक्टर म्हणाली ते सगळं मला उलटंच वाटतं. रक्त येतं तिथं घासायचं नाही असं मी समजत होते — ती म्हणते, तिथं घासत नाही म्हणूनच येतं. दातावर रोज चिकट थर बसतो, काढला नाही तर त्याचं कीटण होतं, दगडासारखं, मग हिरडी सुजते. चांगल्या हिरडीतून हलक्या ब्रशनं रक्त येतच नाही. आलं तर ती हिरडीची हाक. मी अठ्ठावीस वर्षं हाकेवर गेरू टाकला.

लेकीचंही तेच, थोडक्यावर आहे. दिवस गेले की त्याच थरानं हिरडी जास्त चिडते. पाचव्या महिन्यात साफ करून घ्यायला हरकत नाही. मी तिला घासू नको म्हणून सांगितलं होतं! सांगणारी मी, ऐकणारी ती.

वडिलांची चूक का? डॉक्टर म्हणाली, मंजनानं रोग होत नाही, त्यानं लपवला. आणि त्या खरखरीत कणांनी हिरड्या घासल्या गेल्या त्या वेगळ्या.

मग यांचे दात? हे नेहमी म्हणतात, आमच्या घराण्यातच हिरड्या कच्च्या. पण थोरले दीर सत्तरीचे, अजून अक्रोड दातानं फोडतात. हे दोन्ही मला कायम माहीत होतं, कधी शेजारी ठेवून पाहिलं नाही. संध्याकाळी विचारलं. हे म्हणाले, घराणं म्हणजे काय, एकाला येतं, एकाला नाही. आणि ज्याला काल किल्ली दिली त्याच घड्याळाला पुन्हा किल्ली द्यायला लागले.

शुक्रवार, २२ फेब्रुवारी

अर्धं तोंड साफ झालं, हिरडीच्या खालपर्यंत. बधिर केलं होतं. दुखलं नाही, पण करकर आवाज डोक्यात. आता दातांमध्ये फटी लागतात जिभेला, गार पाणी झोंबतं. लेकीचं तासाभरात आटोपलं.

मऊ ब्रश घ्यायला लावला. माझ्या ब्रशचे केस वाकलेले होते, दीड वर्षाचा तो — डॉक्टरनं दर तीन महिन्यांनी बदलायला सांगितलाय. जुना समई घासायला ठेवला, टाकवेना. ब्रश तिरपा धरून हिरडीच्या कडेला, हलका, थोडा थोडा. सकाळी आणि झोपताना, दोन दोन मिनिटं. फटींतून बारीक ब्रश वेगळा.

दोन मिनिटं कशी कळणार? मी मनात नाम मोजणार होते. पण मोरीत गेले तर डब्याच्या जागी छोटं घड्याळ. सेकंदाचा काटा लाल. यांनी दुकानातून आणून ठेवलंय.

बुधवार, २७ फेब्रुवारी

रक्त अजून येतंच. भीती वाटते, तरी तिथंच घासते. डॉक्टर म्हणाली होती, थांबू नका. पोथी अजून मिटलेलीच.

रविवार, ३ मार्च

चूळ पांढरी! दोनदा पाहिली. लेकीला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "आई, लोक नातवंडांचे फोटो दाखवतात, तू चूळ दाखवतेस." तिची तर चार दिवसांपासून पांढरी आहे.

संध्याकाळी अध्याय मोठ्यानं वाचला. दात हलतो, पण शब्द सांडले नाहीत.

सोमवार, १५ एप्रिल

आज पुन्हा मोजणी. तीन, चार, तीन, चार. साताचे पाच झाले. मार्क घसरले म्हणून घरभर आनंद! हलणारा दात आतून बारीक तारेनं शेजारच्या दातांना बांधलाय. झिजलेलं हाड परत येत नाही, म्हणाली. आहे ते राखायचं, दर तीन महिन्यांनी दाखवायचं. राखण्याचं मला सांगायला नको, जन्म त्यातच गेला.

मंगळवार, १६ एप्रिल

हे जेवणाचा डबा विसरले म्हणून मी तो दुकानात घेऊन गेले. हे बाहेर होते. चमचा शोधायला खण उघडला — आत माझे दोन्ही डबे. खाली घडी घातलेला कागद, डॉक्टरचा, बारा वर्षांपूर्वीचा. यांचं नाव. एक ओळ अधोरेखित: लाल मंजन बंद करावे, रक्त दिसत नाही.

हे आले. मी डबे पुढे ठेवले. डबे जवळ ओढून म्हणाले, "तोवर माझे गेलेच होते. तुझे बरे दिसत होते. आणि तुझ्या वडिलांच्या हातची वही... तुला काय सांगणार होतो? पण त्या दिवशी तू घास घेतलेल्या सफरचंदावर लाल ठिपके दिसले."

यांच्यावर रागवावं की यांच्या पाया पडावं, मला अजून कळत नाही.

संध्याकाळी पोथी उघडून यांच्या हातात दिली. यांनी वाचली. प्रत्येक ‘स’ शिटीसकट. मी ऐकलं.