मलावीत दिलेली साक्ष

शलोमी,

चर्चच्या मंडळींसोबत मी मलावीला आलो, ते देवासाठी नाही. तुला उदगीरला परत आणायला आलो होतो. पास्टर म्हणाले, बाप्तिस्मा झालेल्यांनाच नेतो. म्हणून घेतला. गळ्यातलं इष्टलिंग काढून अव्वाच्या हातात दिलं. ती म्हणाली, "कॉलेज सोडलास तेव्हा गप बसले. आता मला अव्वा म्हणू नकोस."

तुझ्या मिशनच्या दवाखान्यापुढं सगळ्यांनी साक्ष दिली, येशू आपल्याला कसा भेटला ती. माझा नंबर आला तेव्हा तू बघत होतीस. मी ठोकून दिलं, येशूनं मला हाक मारली म्हणून. तू रडलीस. नंतर हळूच म्हणालीस, "चार वर्षं तुझ्यासाठीच प्रार्थना करत होते रे. जीव तुझ्यात अडकला होता. आता मोकळी झाले. आता जन्मभर इथंच राहते."

एरवी शब्दाला शब्द लागला की मी हात उचलतो. तिथं "आमेन" म्हणालो.

हे पत्र टाकलं तर तुझा जीव पुन्हा अडकेल. मला तेच पाहिजे. पोस्टापर्यंत दोनदा जाऊन परत आलो.

दर रविवारी इथं उदगीरच्या चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. पास्टर तुला फोटो पाठवतात ना, म्हणून.

तुझाच,
संगमेश्वर