चेक्ड बाय: काशीराम

मुलुंड (पूर्व),
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय काशीराम,

तू माझ्याहून अकरा दिवसांनी मोठा, त्यामुळे रिवाजाप्रमाणे साष्टांग नमस्कार. अकलेनं धाकटा, त्यामुळे अनेक उत्तम आशीर्वाद. (दोन्हींतलं सोयीचं घे.) तुझा गुडघा, मालनवहिनींची शुगर आणि कणकवलीतलं नेटवर्क ही तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा करतो. आमच्याकडे सगळे खुशाल. पत्रातलं अक्षर इतकं देखणं पाहून चक्रावू नकोस. माझा उजवा हात चार वर्षांपासून थरथरतो हे तुला माहीतच आहे. कप तोंडाशी पोचेपर्यंत निम्मा चहा बशीत असतो. तेव्हा मी सांगतोय आणि सूनबाई लिहून घेतेय. शब्दाला शब्द लिही, असं तिला बजावलंय. (सूनबाई नको, नुसतं स्वरदा लिही. लिहिलंस? राहू दे आता.)

तर विषय असा, की आमच्या घरात एक टॅबलेट आलाय. शाळेच्या पाटीएवढा, काळा, आणि सोबत एक पेन, ज्यात शाई नाही आणि शिसंही नाही. चिरंजीव मिहिरनं तो पाचरस्त्याजवळच्या दुकानातून आणला, पंधरा दिवसांत पसंत पडला नाही तर परत करायचा या बोलीवर. तेव्हापासून रोज जेवताना परिसंवाद सुरू: हातात फोन आहे, टेबलावर लॅपटॉप आहे, मग हा मधला कशाला? मिहिर म्हणतो, फोनवर डोळे फुटतात आणि लॅपटॉप मांडीवर तापतो. स्वरदाचं म्हणणं, बोलायला फोन, ऑफिसला लॅपटॉप. हा लग्नातला तो पाहुणा, ना मुलाकडचा ना मुलीकडचा, जेवून मात्र जाणार. (एवढं वाक्य तिनं मी न सांगता लिहिलंय.) नीला म्हणते, घरात पुसायला आणखी एक वस्तू वाढली. माझ्या मते फोनसुद्धा जास्तच झाला होता.

खरी गंमत झाली खंडेनवमीला. आमच्याकडे आईपासूनचा नियम, हत्यारं एकदा पुजली की दुसऱ्या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. (मिहिरला त्यासाठी दरवर्षी रजा टाकावी लागते आणि साहेबाला दरवर्षी वेगळं कारण सांगावं लागतं.) पाटावर लॅपटॉप, चौघांचे चार फोन, नीलाची विळी, आणि माझा टी-स्क्वेअर नि कंपासपेटी, ज्यांना उरलेले तीनशे चौसष्ट दिवसही कोणी हात लावत नाही. टॅबलेटवर वाद झाला. हे हत्यार नक्की कोणाचं? कोणत्या कामाचं तेच ठरलेलं नाही, तर हळदकुंकू लावायचं कशाला? शेवटी नीलानं निकाल दिला, की ज्याला काम नाही त्याची पूजा कसली. (हे बोलताना ती माझ्याकडे का बघत होती, ते मी विचारलं नाही.) सबब टॅबलेट सोफ्यावर राहिला, आणि मीही. अख्ख्या घरात हात लावायची मुभा असलेलं यंत्र एक आणि रिकामा माणूस एक, मग दुपारभर दुसरं होणार काय?

मी माळ्यावरून जुना ड्रॉइंग बोर्ड काढला, त्यावर टॅबलेट ठेवला आणि चारही कोपरे सेलोटेपनं चिकटवले. प्रत्येक रेघेनंतर फुंकर मारत होतो, रबराचा भुगा उडवायला. भुगा नव्हताच. आता काढायचं काय, तर नीलाचं फडताळ. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात लोणच्याच्या सात बरण्या बसतील अशा सात भोकांचं फडताळ तिला माझ्या निवृत्तीपासून हवंय. भाऊराव सुतार म्हणतो, नकाशा द्या, आठवड्यात उभं करतो. पण चौतीस वर्षं कांजूरच्या कारखान्यात बॉयलरचे नकाशे काढलेला माणूस सात भोकांसाठी दुसऱ्याच्या दारात कसा जाणार? माझ्यानं होत नाही, हे मला बायकोला सांगायचं नव्हतं, आणि तिनं ते कधी मला बोलून दाखवलं नाही. पहिली चार वर्षं 'उद्या काढतो' म्हणण्यात गेली, पुढची चार या हातापायी, आणि बरण्या आठ वर्षं ओट्याखाली आहेत.

पहिला गोल काढला तो कोणीतरी चुकून वर बसलेल्या बेसनाच्या लाडवासारखा. हात इतका हलत होता की पेन उचलायचंही सुधरेना, तसाच टेकून राहिलो. आणि काशीराम, तुझ्या गळ्याची शपथ, तो लाडू माझ्या डोळ्यांदेखत गोल झाला! कंपासनंसुद्धा काढता आला नसता असा गोल. मी जागचा हललो नाही. मग दुसरा काढला, टेकून राहिलो, तोही झाला. सात काढले. चुकलं तर दोन बोटं टेकवायची, की चूक गेली. खरवडल्याची खूणसुद्धा नाही रे! आठवतंय, ट्रेसिंगवर शाईचा थेंब पडला की अर्धं ब्लेड घेऊन श्वास रोखून खरवडायचो, आणि कागदाला भोक पडलं की आठवड्याच्या मेहनतीची वाट? इथे नुसती दोन बोटं. ती फाकवली की फडताळाचा खिळा खांबाएवढा. मी हात जोडले, अगदी खरे जोडले, आणि डोळ्यांतून पाणी आलं. (स्वरदा, हे लिहायचं नव्हतं गं.) मग देवघरातून चिमूटभर कुंकू आणून त्याच्या पाठीला लावलं. ते कोणाचं हत्यार, हे माझ्यापुरतं ठरलं.

मग खालच्या उजव्या कोपऱ्यात नाव-सहीची रीतसर चौकट आखली आणि 'ड्रॉन बाय'पाशी अडलो. लाडू माझा हे कबूल, पण गोल कोणाचा? बराच विचार करून माझं नाव घातलं. 'चेक्ड बाय' रिकामं आहे. अठ्ठावीस वर्षं तिथे तुझी सही पडल्याशिवाय माझा एकही नकाशा खाली वर्कशॉपमध्ये गेला नाही. कानावरची लाल पेन्सिल काढून तू अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं विचारायचास, "रे विद्याधरा, ही रेघ आसा की गांडूळ?" मला इतका राग यायचा की त्या रागावरच माझ्या रेघा सरळ झाल्या.

वहिनींना नमस्कार. आमच्या नावानं गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
विद्याधर

ता. क. फडताळाच्या नकाशाची छापील प्रत सोबत आहे. येत्या मंगळवारी टॅबलेटची मुदत संपते. घरात मतं दोनास दोन झालीत आणि मिहिर म्हणतो, काशीरामकाका सांगतील ते. तेव्हा नकाशा तपास, चौकटीत सही कर आणि त्याला फोन कर. निःपक्षपातीपणे काय ते सांग.

ता. क. २. स्वरदा चहा टाकायला गेलीय, हे मी स्वतः लिहितोय. (अक्षर लागलं नाही तर वहिनींना दाखव, त्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचतात.) निःपक्षपातीपणा राहू दे. टॅबलेट परत जाऊ शकत नाही. नकाशाला बसण्याआधी जुन्या सवयीनं मी त्या पेनाचं टोक पॉलिशपेपरवर घासलं. झकास टोक निघालंय. घरात कोणाला माहीत नाही.

ता. क. ३. सात गोलांकडे बघू नकोस, ते टॅबलेटनं सुधारलेत. त्यांच्या खाली फळीची एक लांब रेघ आहे. ती मारल्याबरोबर मी पेन उचलला, त्याला सुधारू दिली नाही. चार वर्षांत मारलेली माझी तेवढी एकच. लाल पेन्सिल घेऊन ती तपास. गांडूळच आहे, मला दिसतंय. तरी फोनवर विचार, आणि पूर्वीसारखं मोठ्यानं विचार.