वास्तुशांतीची तारीख

४ नोव्हेंबर

सामान आलं. एकच टेम्पो, तोही अर्धा रिकामा. तेहेतीस वर्षं नर्सची नोकरी, सात गावांतली सात क्वार्टर्स, आणि माझं म्हणून निघालं ते एवढंच. एक कपाट, दोन खाटा, शिवणयंत्र, पुस्तकांच्या चार पेट्या, तुळशीची कुंडी. बाकी सगळं सरकारी होतं, पायावर पांढऱ्या रंगात नंबर घातलेलं.

टेम्पोवाला म्हणाला, "सिस्टर, साहेब न्हाई आले?" म्हटलं, अण्णांना शेतात काम आहे.

कुलूप काढून आत जायच्या आधी दार वाजवलं मी. आत कोण असणार होतं! शाळेतल्या बोर्डिंगची सवय. मदर फिलोमिना म्हणायच्या, आधी टकटक, मग पाऊल.

दूध उतू घातलं नाही. अण्णा आले की दोघांनी मिळून.

६ नोव्हेंबर

पाणी दिवसाआड, सकाळी तासभर. शेजारच्या बोरुडे वहिनींनी मोटर कधी लावायची, कधी बंद करायची ते दाखवलं. मग लगेच, "वास्तुशांत झाली?"

नाही.

"मग राहायला कशा आल्या?"

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं. तेच सांगितलं.

"आणि साहेब?"

गावी. मिरजगावच्या अलीकडे आमची शेती. नोकरीभर हेच चाललं. अण्णा शनिवारी एसटीने यायचे, सोमवारी पहिल्या गाडीने परत. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, सलग महिनाभर एका छपराखाली राहिलो असू तर ते लेकीच्या, मनूच्या जन्माच्या वेळी.

निरोपसमारंभात मिळालेलं घड्याळ लावायला हातोडी घेऊन उभी राहिले. क्वार्टरमध्ये खिळा ठोकायला परवानगी लागायची. इथे कोणाकडे मागायची? ठोकला नाही. घड्याळ टेबलावर.

९ नोव्हेंबर

गुरुजींकडे जाऊन आले. मार्गशीर्षात सत्तावीस तारीख चांगली आहे म्हणाले. यजमान जोडीने बसले पाहिजेत. सामानाची यादी दिली. घरी आल्याबरोबर अण्णांना फोन.

"सत्तावीसला वास्तुशांत आहे. आदल्या दिवशी या."

"कांद्याची लागन हाय."

"एका दिवसाचा प्रश्न आहे."

"बाया मिळत न्हाईत. मिळाल्या तवाच लावून घ्यावं लागतंय."

मोटरीचा आवाज येत होता. मग म्हणाले, "घर घेतलंस तवाबी असंच. सांगितलंस. इचारलं न्हाईस."

त्यांनी फोन ठेवला.

१० नोव्हेंबर

खरं आहे ते.

ऑगस्टमध्ये खरेदीखत झालं. दुसऱ्या दिवशी शनिवार. अण्णा आले, मी हातावर पेढा ठेवला आणि सांगितलं, नगरमध्ये घर घेतलं, माझ्या नावावर. त्यांनी पेढा खाल्ला. अर्धा मला दिला. "बरं झालं," म्हणाले. नंतर चहा झाल्यावर गुडघ्याला तेल लावून दिलं मला, दर शनिवारसारखं. मला वाटलं, निभावलं.

विचारलं असतं तर नको म्हणाले असते. आणि ते नको म्हणाले असते तर मी ऐकलं असतं, हे मला माहीत होतं. म्हणून नाही विचारलं.

मला एक दार हवं होतं. सहाव्या वर्षी वडिलांनी नगरच्या कॉन्व्हेंटमध्ये ठेवलं. खाट नंबर एकोणीस, कपड्यांवर लाल दोऱ्याने एक्केचाळीस. सासरी माजघर सगळ्यांचं. पुढे सरकारचं. माझ्या हाताने उघडेल, माझ्या हाताने लागेल असं एक. हे सांगायला हवं होतं त्यांना. सांगायला वेळही होता, पस्तीस वर्षं.

पेढा दिला.

१५ नोव्हेंबर

मनूचा पुण्याहून फोन. "आई, बाबांना व्हिडिओ कॉलवर बसव. हल्ली करतात तसं."

फोन उभा करून पाटावर ठेवायचा, आणि अण्णांच्या डोक्यावर अक्षता... मी हसले खूप. मग ती म्हणाली, "तू खरंच तिथे एकटी राहणार आहेस?" विषय बदलला.

१८ नोव्हेंबर

शकू आली, धाकटी जाऊ. बाजरीचं पीठ, वाळलेल्या मिरच्या, हरभऱ्याची भाजी. आल्या आल्या सगळी कपाटं उघडून पाहिली. "लई झ्याक हाय की अक्का. आमच्या पोरीला कॉलेजला हितनं जवळ पडंल."

जेवताना मुद्द्यावर आली. "भाऊजी काय यायचे न्हाईत. आमी दोघं बसतो पूजेला. जोडीच पायजे ना?"

"घर मी घेतलंय शकू. पाटावर मीच बसणार."

"मंग बसा एकल्या." भात कालवत म्हणाली. रागावली नव्हती, पण लागलं असावं. थोड्या वेळाने, "तिकडं ती खोली बी तशीच पडून हाय."

"कुठली खोली?"

"जाऊ द्या. मला बोलायची बंदी हाय."

पुढे काही केल्या बोलली नाही. शकू आणि न बोलणं! काहीतरी आहे.

२० नोव्हेंबर

गुरुजींना विचारलं, मिस्टर आले नाहीत तर?

"पत्नी हजर नसेल तर पुरुष शेजारी सुपारी ठेवून बसतो."

"मग मीही सुपारी ठेवते."

"तसं नाही हो ताई. पती हयात असताना पत्नीने एकटीने... तशी पद्धत नाही."

"पत्नी हयात असली तरी त्यांना चालते ना सुपारी?"

"ती माहेरी असते, आजारी असते."

"माझे शेतावर आहेत."

हसले. भला माणूस आहे. म्हणाले, हवं तर गणेशपूजन करून टाका आणि राहा, वास्तुशांत सवडीने.

दुसरे गुरुजी शोधता आले असते. नगरमध्ये काय कमी आहेत? बाहेर येऊन रिक्षात बसल्यावर लक्षात आलं, मला शेजारी सुपारी नकोच आहे. अण्णा हवेत. धूर झाला म्हणून कुरकुरणारे, मध्येच "झालं का?" विचारणारे.

सत्तावीस तारीख रद्द.

२७ नोव्हेंबर

आज व्हायची होती.

पुस्तकांच्या पेट्या अजून बांधलेल्या. कधीही बदलीची ऑर्डर येईल अशी राहते आहे मी इथे. बोरुडे वहिनींनी काही विचारलं नाही, वाटीभर हुलग्याचे शेंगोळे दिले भिंतीवरून.

२ डिसेंबर

गावी आले. विचारायचं ठरवून आले. सांगायचं नाही, विचारायचं.

कांदा लागण खरंच चालू होती. बारा बाया वाफ्यांत वाकलेल्या, अण्णा पाण्याला. लांबूनच, "आलीस?"

"आले."

"भाकरी खा मग. मला येळ हाय."

घरी शकूने काही न बोलता माझी पिशवी उचलली आणि मागच्या अंगाला नेऊन ठेवली. तिथे पूर्वी कडबा असायचा. आता खोली आहे. पक्की, रंग दिलेली. खिडकी खाली घेतलेली, खुर्चीत बसून बाहेरचं दिसेल अशी. खिडकीशी टेबल. भिंतीत पुस्तकांचे कप्पे, चार. आणि आतच संडास, कमोडचा. कमोडवरचं प्लास्टिक तसंच, आणि त्यावर लिंबाच्या रिकाम्या जाळ्या ठेवलेल्या.

"कधी बांधली?"

"उन्हाळ्यात. तुमी रिटायर झाल्या की दाखवायची हुती. आमाला सगळ्यांना ताकीद. पाव्हण्यांना सुदिक कमोड दाखवला न्हाई भाऊजींनी." शकू हसली, मग हसायची थांबली.

उन्हाळ्यात. म्हणजे ऑगस्टमध्ये मी पेढा दिला तेव्हा ही खोली उभी होती. रंग वाळला होता. आणि ते म्हणाले, बरं झालं.

संध्याकाळी अण्णा दारात आले. चौकटीला टेकून उभे.

"गुडघ्याला बरं पडंल म्हणून," म्हणाले. कमोडविषयी.

"मला सांगितलं का नाही?"

"तू तरी..."

शकूच्या म्हशीने रेडकासाठी हंबरडा फोडला, ते तिकडे गेले.

४ डिसेंबर

परत. एसटीवर पाटी अहिल्यानगर, कंडक्टर ओरडतो नगर नगर. माझ्याही तोंडी नगरच.

दोन दिवस त्या खोलीत झोपले. छान वारा येतो. अण्णा पुढच्या ओसरीतच झोपले, त्यांची सवय. सकाळी माझ्यासाठी तिथे पाणी तापवून आणून ठेवलं बादलीत.

विचारायला गेले होते. नाही विचारलं. त्यांनी माझ्यासाठी बांधलेल्या खोलीत बसून, तुम्ही माझ्या घरी या, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?

मनूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही दोघं सारखेच आहात." मग रडली. मी नाही.

१९ डिसेंबर

उद्या पौष लागतो. महिनाभर मुहूर्त नाहीत. खरं सांगायचं तर हायसं वाटलं.

आज खिळा ठोकला. पहिला वाकला. दुसरा बसला. घड्याळ किंचित तिरकं आहे, राहू दे.

एक पेटी उघडली. चारातली एकच. कोणती पुस्तकं इथे राहतील आणि कोणती तिकडे, हे ठरवत बसले आणि मग कळलं की आपण काय ठरवतो आहोत.

७ जानेवारी

अकराच्या सुमारास बेल. अण्णा! मार्केटला लिंबं घालायला आले होते, टेम्पो कोपऱ्यावर उभा.

"आत या."

"पाय मातीचे हायेत."

"पुसता येतील."

"टेम्पो थांबलाय."

पायरीवर बसले. चहा तिथेच दिला, बशीत ओतून प्यायले. मान वळवून आत बघत होते, पण चोरून, लोकांच्या घरात बघतात तसं. माझ्याच घराकडे. मी दाराच्या आत उभी, ते बाहेर. मध्ये उंबरा.

"सकाळचं ऊन कुठनं येतं?"

"स्वयंपाकघरात."

"मागं झाड लावाया जागा हाय?"

"एक लागेल."

"हं."

आणखी एक कप मागितला. म्हणजे टेम्पो एवढा काही थांबला नव्हता. उठताना गुडघ्यावर हात ठेवून उठले. त्यांचेही गुडघे दुखतात आता, कधी बोलले नाहीत. कमोड एकट्या माझ्यासाठी नव्हता कदाचित.

जाताना, "चाललो, शिस्टर."

चिडले की मला सिस्टर म्हणतात, आणि लाडात आले की. पस्तीस वर्षांत फरक ओळखता आलेला नाही.

बोरुडे वहिनी नंतर भिंतीशी आल्या. "साहेब बाहेरच बसले हो?" हो म्हटलं. "आमचे तर चपलेसकट आत येतात," म्हणाल्या. त्यांचं मन मोठं.

१२ जानेवारी

मदर फिलोमिनांची आठवण. मी घरी पत्र लिहायचे रविवारी, इंग्रजीत, आणि त्या तपासायच्या. एकदा मी लिहिलं होतं, मला भेटायला या. त्यांनी लाल शाईने वर लिहिलं, मागताना प्लीज. मी म्हटलं, मराठीत प्लीज नाही, मदर. त्या म्हणाल्या, मग मराठीत कसं मागतात?

मला सांगता आलं नव्हतं. नऊ वर्षांची होते.

२० जानेवारी

गुरुजींचा आपणहून फोन. माघ लागला. फेब्रुवारीत दोन दिवस त्यांना मोकळे आहेत, सहा आणि अकरा.

"कोणती लिहू ताई?"

"विचारून सांगते."

"कोणाला?"

"मिस्टरांना."

"मागच्या वेळी तर तुम्हीच इथे बसून..."

"मागच्या वेळी चुकलं माझं."

दुपारी धीर होईना. कपाट आवरलं, नको ते धुतलं. पाचला लावला. बाया घरी गेलेल्या असतात, अण्णा ओट्यावर बसलेले असतात त्या वेळी.

"अण्णा, पूजेच्या दोन तारखा आहेत. सहा आणि अकरा. तुम्हाला कोणती जमेल?"

ते बोलायच्या आत मीच पुढे म्हटलं.

"दोन्ही नको असतील तर तसं सांगा. वैशाखात बघू. आणि... उन्हाळ्यात मी तिकडे येऊन राहिले तर चालेल का? त्या खोलीत. पावसाळ्यात तुम्ही इकडे. की उलट? मला ठरवायचं नाहीये. विचारतेय."

"मला इचारतीस?"

"हो."

ते खाकरले.

"क्यालेंडर आत हाय. थांब."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. चपलांचा आवाज, आत जाणारा. लांबून "शकू, क्यालेंडर कुठं टांगलंय गं?" आणि शकू काहीतरी म्हणाली, ते ऐकू आलं नाही. कोंबड्या. कोणीतरी बादली सरकवली. मी उभीच होते, कानाला धरून. मिनिट, दोन मिनिटं.

लाईन तुटली.

पुन्हा लावायला बोट गेलं, पण लावला नाही. मी विचारलं आहे. आता त्यांना सांगू दे.

साडेपाच झाले. फोन समोर ठेवला आहे.