जीभ आत ठेव

६ जानेवारी

चि. ढब्बू यास अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर मी मुद्द्याला हात घातला की तुझ्या दुकानात नेमकं गिऱ्हाईक येतं आणि तू नंतर बोलतो म्हणून सुटतोस. म्हणून आता पत्र. कागद मधेच ठेवून देता येत नाही.

माझ्या पित्ताशयात खडे आहेत हे तुला गेल्या वर्षी कळवलं होतं. तेव्हा तू विचारलं होतंस की मोठे आहेत का. आता झाले आहेत. सर्जनबाईंनी सांगितलं की आणखी ढकलाल तर एक दिवस स्ट्रेचरवरून याल. मार्चच्या मध्याची तारीख मिळते आहे. नंतर तीन आठवडे मला वजन उचलायचं नाही, आणि आपले बाबा म्हणजे चांगलं भरभक्कम वजन आहे. तेवढे दिवस मी माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे राहीन.

प्रश्न बाबांचा. बाथरूममध्ये पडल्यापासून त्यांना रात्री एकटं ठेवता येत नाही. दिवसा शेजारच्या काकू बघतील. रात्रीसाठी एक बाई ठेवून पाहिली होती. तिचं मनगटी घड्याळ चार मिनिटं मागे होतं म्हणून बाबांनी तिला दुसऱ्या दिवशी काढून टाकलं. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाकडे अशाच चुका दिसणार. तेव्हा घरचंच माणूस हवं, आणि घरचं माणूस म्हणजे मी सोडून तू एकटाच उरतोस.

येतोस की नाही एवढंच कळव. चष्म्याच्या दुकानात मला रजेचा अर्ज द्यायचा आहे. तुझ्या बायकोला आशीर्वाद. लोभ माझ्याकडून आहेच, तो टिकावा असं वाटत असेल तर उत्तर लवकर दे.

तुझी ताई


१९ जानेवारी

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. खड्यांचं वाचून फार वाईट वाटलं. तेलकट खाऊ नकोस. मार्चचं बघतो. म्हणजे येतो नक्की, तारीख तेवढी बघतो.

अडचण अशी आहे की यंदा माझ्या अब्रूचा प्रश्न आहे. आमचा बाजार संघ आणि दवाखाना संघ यांच्यात हाडवैर आहे हे तुला माहीत आहे. हिचा भाऊ, तो दातांचा डॉक्टर, दवाखान्याकडून खेळतो. गेली तीन वर्षं तो मला पाण्याच्या टाकीपलीकडे भिरकावतो आणि दर रविवारी आमच्याकडे जेवायला येऊन त्याचं सविस्तर वर्णन करतो. चमचा हातात घेऊन दाखवतोसुद्धा. आमचा कॅप्टन, बेकरीवाला, मला म्हणाला की तुझा लेगब्रेक आता माझ्या आईलाही कळतो, पुढच्या वर्षी तू स्कोरबुक सांभाळ.

म्हणून मी गुगली शिकतो आहे. तुला समजेल असं सांगतो. माझा लेगब्रेक टप्पा पडला की फलंदाजापासून दूर जातो. गुगली दिसते अगदी तशीच, पण वळते उलटी, आत. सगळी करामत मनगटात. मी दिवसभर दुकानात किल्ल्या घासून कुलपात फिरवून बघतो, तेव्हा मनगट माझं तयारच आहे. समोरच्याला वाटावं कुलूप उघडतोय आणि आपण ते लावून टाकावं, एवढाच प्रकार.

सराव जिन्यासमोरच्या बोळात चालू आहे, संत्र्यांनी. खालचे गृहस्थ दोनदा वर येऊन गेले. ही म्हणते की संत्र्याचा रस आता न पिळताच निघतो. पण कालची तीन संत्री अशी वळली की दुधाच्या पिशवीवाला पाय उचलून बाजूला झाला.

बाबांना नमस्कार. प्रकृतीला जप. तुझी माया आहे म्हणून आम्ही आहोत, ती राहू दे.

तुझा ढब्बू


३० जानेवारी

चि. ढब्बू यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात गुगलीला दीड पान आणि माझ्या पित्ताशयाला अडीच ओळी. प्रमाण बरोबर आहे, पित्ताशय बिचारं कुठे वळतं.

पत्र बाबांना वाचून दाखवलं. गुगलीचा मजकूर त्यांनी दोनदा वाचायला लावला. ऑपरेशनचं मी मागे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले की तुला भूल नीट चढत नाही, लहानपणी दात काढतानाही चढली नव्हती. गुगलीबद्दल मात्र त्यांचं मत आहे. मनगटाबरोबर तिसरं बोटही लागतं म्हणे. काठी बगलेत धरून त्यांनी पावाच्या तुकड्यावर मला प्रात्यक्षिक दिलं आणि तो तुकडा मी कपाटामागून झाडूने काढला.

तू मला गुगली समजावून सांगतोस याची मात्र कमाल वाटली. अंगणात उलट्या बादलीमागे उभं राहून तुझे चेंडू कोण अडवत होतं? तुझा एकही चेंडू मी कधी सोडला नाही, आणि त्याला कारण आहे. ते विचारशील तेव्हा सांगेन.

तारीख ठरली. पंधरा मार्चला सकाळी ऑपरेशन, चौदाला दाखल व्हायचं. तू तेराला संध्याकाळी इथे हवास. बघतो हे उत्तर चालणार नाही. बघण्याचं काम मी रोज दुकानात करते, त्याला नंबर लागतो.

दोघांना आशीर्वाद. लोभात खंड नको, आणि उत्तरात तर नकोच.

तुझी ताई


१५ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

ताई, आमच्यात फितुरी झाली आहे.

काल दवाखान्याशी सामना होता. माझी गुगली आता इतकी बसली आहे की त्यांचा कंपाउंडर बॅट घेऊन एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे गेला. क्ष-किरणवाल्याची तीच गत. आमचा यष्टिरक्षक, तो नळ दुरुस्त करणारा, त्यालाही गुगली कळत नाही, चार वेळा चेंडू त्याच्या पायांमधून निघून गेला. स्वतःच्या माणसाला जी कळत नाही ती चांगलीच असणार की नाही?

मग दातवाला आला. लेगब्रेक टाकला की सभ्यपणे अडवायचा. गुगली टाकली रे टाकली की एक पाय पुढे टाकून थेट टाकीपलीकडे. एकदा नाही, दर वेळी. हातातून चेंडू सुटायच्या आधीच त्याला माहीत होतं, हसत होता. कुणीतरी सांगितल्याशिवाय हे शक्य नाही. कॅप्टन सांगणार नाही. नळवाल्याला माहीतच नसतं. राहिली ही. मी तिला एवढंच विचारलं की भावाला काही बोललीस का, तर कालपासून माझ्याशी बोलत नाही. जेवणाचं ताट टेबलावर आदळलेलं असतं, त्यावरून समजायचं की जेवण झालं.

आम्ही तरीही गुणांवर पुढे गेलो. सेमीफायनल सात मार्चला, पुन्हा त्यांच्याशीच. जिंकलो तर फायनल चौदाला. आता राग मानू नकोस, पण ऑपरेशन आठवडाभर पुढे जाईल का? मॅचची तारीख सगळ्या बाजाराची असते, ऑपरेशनची आपल्या घरातलीच आहे. सर्जनबाईंना तू सांगितलंस तर त्या ऐकतील. तसा मी येणार आहेच.

बाबांना सांग, तिसरं बोट लावून पाहिलं, फरक पडला. तुझा हात डोक्यावर असाच असू दे.

तुझा ढब्बू


२२ फेब्रुवारी

चि. ढब्बू यास आशीर्वाद.

अनेक लिहिलेलं नाही, मोजून एकच.

आधी उठ आणि बायकोची माफी माग. फितूर तुझ्या घरात नाही, तुझ्या तोंडात आहे. काही अवघड किंवा लबाडीचं काम करायचं असलं की तुझी जीभ डाव्या कोपऱ्यातून बाहेर येते. जन्मापासून. बाबांची तीच खोड, घड्याळातली बारीक स्प्रिंग बसवताना जीभ बाहेर. बादलीमागून मला तुझा हात दिसायचाच नाही. तोंड मिटलेलं असलं की साधा चेंडू, जीभ दिसली की काहीतरी भलतं. दातांचा डॉक्टर जन्मभर लोकांच्या तोंडात बघतो, तो काय तुझं मनगट बघणार आहे?

आता दुसरं ऐक. खोटं बोलतानाही ती बाहेर येते. फोनवर येतो म्हणतोस तेव्हा तुझा 'त' थोडा ओला होतो, मला ऐकू येतं. मागच्या तीन वर्षांत दर वेळी निघताना तू दारात उभा राहून पुढच्या महिन्यात येतो म्हणालास, आणि दर वेळी डाव्या कोपऱ्यात जीभ. मी बघितली, बाबांनी बघितली. तरी तू गेलास की ते तुझ्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी देतात, तू आलास तर बंद नको म्हणून. ते घड्याळ आठ दिवस चालतं. मग बंद पडतं.

ऑपरेशन हलणार नाही. मला तुझा भयंकर राग आला आहे. आणि मला भीतीही वाटते आहे, भुलीची, आणि मला काही झालं तर बाबांना रात्री पाणी कोण देईल याची. हे सरळ लिहिते आहे.

लोभाचं तूच बघ, तुला बघायची सवय आहे.

ताई


८ मार्च

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि दुकानातल्या आरशासमोर एक अवघड किल्ली घासायला घेतली. निम्म्यात मान वर केली. जीभ बाहेर. शेजारचा छत्रीवाला म्हणाला की त्याला वाटायचं मला काही आजार आहे, म्हणून तो कधी बोलला नाही. म्हणजे सगळ्या बाजाराला माहीत होतं.

हिची माफी मागितली. तिने ती टप्प्याटप्प्याने दिली, अजून थोडी बाकी आहे. जीभ आत ठेवायचा सराव केला, तर ताई, गुगली पडेचना. जीभ दाताखाली धरली की मनगट वळत नाही. बाबांना विचार, ते सांगतील.

काल सेमीफायनल झाली. दातवाला चाळीस धावांवर खेळत होता. मी विचार केला, जीभ आत जात नाही ना, मग राहू दे बाहेर. चांगली दाताच्या दवाखान्यात दाखवावी तशी काढली आणि टाकला साधा लेगब्रेक. मला वीस वर्षं येतो तोच. पाय पुढे टाकून तो टाकीकडे बघत फिरला, चेंडू दुसऱ्या बाजूने निघून गेला, आणि नळवाल्याला लेगब्रेक तेवढा कळतो, त्याने यष्ट्या उडवल्या. दातवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. आम्ही जिंकलो. कॅप्टनने मला उचललं आणि लगेच खाली ठेवलं, त्याची पाठ दुखते.

फायनल चौदाला आहे. मी कॅप्टनला सांगितलं की मी नाही, घरी काम आहे. त्याने पुष्कळ समजावलं, मग म्हणाला की पुढच्या वर्षी स्कोरबुक. मी बरं म्हणालो. मला वाईट वाटलं, लपवत नाही.

तेराला संध्याकाळी येतो. हे लिहिताना आरसा समोर ठेवला आहे. तोंड बंद आहे.

भिऊ नकोस. राग असला तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझा ढब्बू


२१ मार्च

ती. स्व. ताईस सा. न. वि. वि.

ऑपरेशन झालं, भूल चढली आणि उतरली, तू मैत्रिणीकडे सुखरूप आहेस, हे ऐकून जीव भांड्यात पडला. काकूंच्या हाती पत्र पाठवतो. फोनवर बाबांबद्दल बोलता येत नाही, ते शेजारीच बसलेले असतात.

ताई, हा माणूस झोपत नाही. रात्री दोनला पाणी, तीनला खिडकी उघडायची, साडेतीनला लावायची, चारला मी जागा आहे का ते बघायचं. उचलताना ते मला कसं उचलायचं ते शिकवतात, आणि प्रत्येक वाक्य ताई असं करत नाही यावर संपतं. काल मी बाथरूमच्या दाराशी उभ्या उभ्या झोपलो. तू हे तीन वर्षं केलंस आणि वर चष्म्याच्या दुकानातही गेलीस. मला इथे येईपर्यंत काहीच कळलं नव्हतं. लाज वाटते.

दुपारी ते खुर्चीत बसून काठीने फलंदाजी करतात आणि मी मोज्यांच्या गुंडाळीने गोलंदाजी. सगळं ओळखतात. जीभ काढून लेगब्रेक टाकला, तोही ओळखला. कसं ते सांगत नाहीत.

फायनल हरलो. समोरच्या संघातल्या एका पोराने साठ मारले. खरं सांगतो, थोडं बरं वाटलं. माझ्याशिवाय जिंकले असते तर ते सहन झालं नसतं.

खोलीतलं घड्याळ चालू आहे. काल आठ दिवस झाले. सकाळी बाबा काठी टेकत आले, मी जागा असताना मला उठवलं, आणि पुन्हा चावी दिली.  

तीन आठवडे पाच एप्रिलला पुरे होतात ना? घाई नाही, सहज विचारलं. दुकान बंद आहे आणि निम्म्या बाजाराच्या किल्ल्या माझ्याकडे अडकल्या आहेत. तुझ्या मायेची किंमत आता वजनासकट कळली आहे, ती असू दे.

तुझा ढब्बू


३१ मार्च

चि. ढब्बू यास अनेक आशीर्वाद. या खेपेला मोजले नाहीत.

तुझं पत्र मैत्रिणीला वाचून दाखवलं, ती इतकी हसली की मला टाके धरून बसावं लागलं. बाबांना दोनचं पाणी आधीच उशाशी ठेवून बघ. खिडकी अर्धी उघडी ठेव, दोन्ही खेपा वाचतात. हे मला शोधून काढायला एक वर्ष लागलं, तुला फुकट देते.

पाच एप्रिलचं म्हणशील, तर काल सर्जनबाईंना दाखवून आले. टाके उत्तम भरले आहेत, पण त्यांचं म्हणणं पडलं की वय बघता आणखी तीन आठवडे पूर्ण विश्रांती हवीच. मी पुष्कळ विनवलं, भावाचं दुकान बंद आहे, लोक किल्ल्यांसाठी खोळंबले आहेत असंही सांगितलं. त्या बाई ऐकतच नाहीत. काय करणार, डॉक्टरांपुढे इलाज नाही. मन लागत नाही म्हणून मैत्रीण मला रोज संध्याकाळी तळ्याला फेरी मारायला नेते आणि परवा बळेबळेच नाटकाला नेणार आहे.

घड्याळाला चावी वेळेवर देत जा. लोभ वाढवायला तुला आता भरपूर सवड आहे.

तुझी ताई

ता. क. बाबांना हे पत्र वाचून दाखवू नकोस, ते ओळखतील. पत्राची एक मोठी सोय आहे, लिहिणाऱ्याचं तोंड दिसत नाही.