कमी गुण पडण्याचे कारण

सर, काल यादी लागली आणि तिच्यात माझ्या मुलीचं नाव नाही. खाली वेटिंगची यादी होती, तिच्यातही नाही. तुम्ही तिला पाहिलेलं नाही, तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मायची होती. धारूरच्या शाळेत तुमच्या हाताखालून एवढी पोरं गेली की त्यातला मी कोण, हे आठवायला तुम्हाला जड गेलं असतं. पण तुम्ही ज्याला घेऊन लातूरला गेला होतात, परीक्षेत ताप आलेला तो पोरगा, असं कुणी म्हटलं असतं तर लगेच मान हलवली असती. तोच मी. आज दुकान उघडलंय, पण शटर अर्धंच वर केलंय, कारण आज कुणाचाही फॉर्म भरायची माझी इच्छा नाही.

दुकान म्हणजे केजला तहसीलसमोर ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान. एक संगणक, एक प्रिंटर, तीन खुर्च्या, त्यातली एक मोडकी. जून-जुलैत इथं पाय ठेवायला जागा नसते. कुणाचा फोटो मोठा होतो, कुणाची सही उलटी स्कॅन होते, कुणाचा ओटीपी घरी चार्जिंगला लावलेल्या फोनवर जातो. बारावीचे मार्क नुसते बघितले की पोरगं कुठल्या यादीपर्यंत पोचेल हे मी सांगतो, आणि ज्योतिषापेक्षा माझं बरं, माझं खरं ठरतं. नावाजलेल्या कॉलेजांच्या फॉर्मात शेवटी एक रकाना असतो : गुण कमी असल्यास कारण लिहा. तिथं आलं की मायबाप एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागतात. मग मी विचारतो, "टायफॉईड टाकू का?" आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. त्याचं इंग्रजी वाक्य माझ्याकडं तयारच आहे, फक्त नाव बदलायचं. सरकारी दवाखान्यानं पाहिला नसेल एवढा टायफॉईड माझ्या संगणकात आहे. तो मी कुठून उचलला, हे जगात फक्त तुम्हाला कळलं असतं.

माझ्या पोरीला दहावीला चौऱ्याण्णव टक्के होते आणि बारावीला छप्पन्न. मधली दोन वर्षं ती लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला होती. मी पाठवली होती. ज्या कॉलेजात मला घेतलं नव्हतं त्याच्या फाटकावरून ती रोज जाईल, एवढ्या एका गोष्टीनं मला तेव्हा किती बरं वाटलं होतं, हे आज लिहितानासुद्धा लाज वाटते. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतंच. लहानपणी धारूरच्या घाटात गाडी थांबवली की ही दगड गोळा करायची, आणि ते खूळ काही गेलं नाही. परराज्यात एक कॉलेज आहे, तिथं दगडमातीचं शास्त्र शिकवतात, मोजकीच पोरं घेतात, आणि नववीपासूनचे सगळे मार्क मागतात. इतर दोन ठिकाणांहून आधीच नकार आला होता. हे शेवटचं. ती माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती, मोडक्या, आणि मी सवयीनं त्या रकान्यात आमचा नेहमीचा टायफॉईड चिकटवला. ती म्हणाली, "पप्पा, खोडा ते. मी आजारी नव्हते." मी म्हणालो, "अगं, समदे हेच टाकतेत. न टाकलं तर नापास धरतेत." ती म्हणाली, "धरू द्या."

मग कीबोर्ड स्वतःकडं ओढून तिनं लिहिलं. इंग्रजी होतं, पण मला तेवढं कळतं : दोन वर्षं मला नको असलेलं शिकत होते, हे घरी सांगायची हिंमत झाली नाही, आणि पेपरात बसल्यावर जे येत होतं तेही मी लिहिलं नाही. ते शेवटचं वाक्य वाचून मी उठलो आणि प्रिंटरमध्ये कागद भरायला गेलो. प्रिंटरमध्ये कागद होते.

सर, तुमच्या ओसरीवर आम्ही चार-पाच जण पहाटे भूमिती शिकायला यायचो. आत काकू भाकऱ्या थापत असायच्या आणि त्या थापण्याच्या तालावर तुम्ही प्रमेय सांगायचात. माझं उत्तर बरोबर आलं तरी तुम्ही निम्मेच मार्क द्यायचात. "उत्तर बरोबर हाय, पण आलं कुठून? पायऱ्या कुठं हायत्या?" मी एकदा कुरकुरलो, तर वही माझ्या मांडीवर टाकून म्हणालात, "अर्धा मार्क मागून घेशील, तर जन्मभर मागतच राहशील." सगळ्यांच्या देखत. मला असा राग आला होता की दोन दिवस ओसरीवर फिरकलो नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच वर्गात तुमचं पितळी कर्कटक माझ्या बाकावर ठेवलंत आणि पुढं निघून गेलात. ते अजून माझ्या गल्ल्यात आहे. पोरीनं लहानपणी त्यानं दगडावर रेघोट्या ओढल्या, म्हणून एक टोक बोथट झालंय.

दहावीच्या भूमितीच्या पेपरला तेच कर्कटक घेऊन मी बसलो होतो. कॉपीसाठी आमच्या केंद्राचं तेव्हा केवढं नाव होतं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून तर त्या दिवसांत तुमची ड्युटी कुठंतरी लांब लावायचे. मामानं आदल्या संध्याकाळी सांगून ठेवलेलं, "तू कावून घाबरतो बे? पयल्या तासात समदी उत्तरं खिडकीतून येतेत. तवर नाव-नंबर टाक आन् गप बस." पहिलंच प्रमेय समोर होतं. तुमच्या ओसरीवर मी ते वीस वेळा सोडवलं होतं. पण सगळा वर्ग खिडकीकडं बघत होता, म्हणून मीही बघत बसलो. वाटलं, आपलं चुकेल, चिठ्ठीतलं चुकणार नाही. भरारी पथकाची जीप आली आणि पेपर संपेपर्यंत फाटकातून हललीच नाही. शेवटच्या वीस मिनिटांत मी लिहायला लागलो, पण एका प्रमेयापुढं जाता आलं नाही. सर, येत होतं. सगळं येत होतं.

निकालानंतर तुम्ही मार्कलिस्ट हातात धरून उभे राहिलात. गणितात दीडशेपैकी शहात्तर. मग तुम्हीच वाट काढून दिलीत. "त्या दिवशी ताप-बिप होता का रे तुला?" मी मान हलवली. फक्त मान हलवली, तोंडानं काही बोललो नाही, म्हणजे खोटं बोललो नाही अशी मी स्वतःची समजूत बरीच वर्षं घातली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही रजा टाकली आणि मला घेऊन लातूरच्या एसटीत बसलात. त्या कॉलेजच्या प्राचार्यांच्या दारात दुपारपर्यंत बाकावर बसून आहोत. तुम्ही इस्त्रीचा सफारी घातलाय, मांडीवर माझी मार्कलिस्ट आणि वर रुमाल, घामानं भिजू नये म्हणून. आत बोलावल्यावर तुम्ही खुर्ची असून बसला नाहीत. म्हणालात, "साहेब, पोरगं टायफॉईडमधून उठून पेपराला बसलतं. हे मार्क ह्याचे न्हाईत. माझ्या शब्दावर घ्या." ताप म्हणालो होतो, सर, तोही मानेनं. टायफॉईड तुम्ही केलात. उभ्या आयुष्यात कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाहीत, आणि माझ्यासाठी केवढा मोठा वाढवून दिलात. प्राचार्य हसले. वाईट माणूस नव्हता तो, थकलेला होता. "गुरुजी," ते म्हणाले, "सगळ्यांच्या पोरांना नेमका पेपराच्या दिवशीच ताप येतो." तुमचे कान लाल झाले. तुम्ही नमस्कार केलात आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाहेर आणलंत. परतीच्या गाडीत अंबाजोगाई येईपर्यंत तुम्ही मार्कलिस्ट रुमालात गुंडाळत बसलात. मग माझ्या कपाळाला हात लावून म्हणालात, "आता तरी बरा हायस ना?" तेव्हा सांगायचं होतं. गाडी थांबली, शेंगावाले खिडकीशी आले, आणि राहून गेलं.

पुढं केजच्या कॉलेजात गेलो, टायपिंग शिकलो, संगणक घेतला, पोट चाललं. तुमच्या शेवटच्या दुखण्यात भेटायला आलो होतो ते फक्त हे सांगायला. तुम्ही अंथरुणावरून विचारलंत, "परत कदी आला न्हाई ना तसला ताप?" मी म्हणालो, "न्हाई सर." काकूंनी चहा दिला, तो पिऊन निघालो.

ह्यातलं माझ्या पोरीला काहीच माहीत नाही. तिच्यासारखं खरं लिहायची माझी छाती झाली नाही, एवढं तरी तिला कळायला हवं, असं फॉर्म पाठवल्यापासून रोज वाटतंय. खरं लिहिलेलं वाचून तिकडं कुणाचं तरी मन हलेल, अशी वेडी आशा मलासुद्धा लागली होती, रोज पोरांना यादीचं भविष्य सांगणाऱ्या मला. काल ती मावळली. आता ह्या शिक्षणासाठी अर्ज करण्यासारखं कुठलं कॉलेज उरलं नाही, आणि पुढचं वर्ष असं म्हणायचं बळ ना तिच्यात आहे ना माझ्यात. ती रडली नाही. गोळा केलेले दगड तिनं खिडकीतून काढून एका पोत्यात भरले आणि पोतं माळ्यावर टाकायला मला सांगितलं. मी टाकलं. चांगलंच जड होतं.

हा कागद कुठं पाठवायचा, असा पत्ता नाही. गल्ल्यात कर्कटकाखाली ठेवीन. पण सर, पायऱ्या दाखवल्याशिवाय तुम्ही मार्क देत नाही, म्हणून शेवटची पायरीही लिहितो. पोतं ठेवून मी खाली उतरलो तेव्हा ती शिडी धरून उभी होती. म्हणाली, "पप्पा, टायफॉईड ठेवला असता तर घेतलं असतं का हो मला?" ह्या प्रश्नाचं खात्रीचं उत्तर अख्ख्या केजमध्ये एकट्या मला येत होतं : टायफॉईड सांगूनही घेत नाहीत. तेवढं ऐकून तिला आपल्या खरेपणाचा पस्तावा तरी झाला नसता. ती माझ्याकडं बघत थांबली होती, आणि मी खिडकीकडं बघत गप्प बसलो.